शेवटच्या रांगेतली खुर्ची

‘वय झालं’ म्हणून ज्या अशक्तपणाकडे आपण डोळेझाक करतो, त्यामागे अनेकदा स्नायूंची झीज असते, आणि कधी कधी सहज बरा होणारा आजारही. रमजानच्या निमित्ताने शरीरातल्या या कामकरी वर्गाची ओळख.

तरावीहच्या पहिल्या रात्री मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. तरुण पोरं जिन्यापर्यंत उभी असतात. मागच्या भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग असते. गेल्या रमजानपर्यंत इमामसाहेबांच्या अगदी मागे उभे राहणारे कुणाचे तरी अब्बा यंदा त्या रांगेत बसलेले दिसतात. सलाम करून विचारलं, तर हसून म्हणतात, “सजदे से उठना नहीं होता बेटा, उमर हो गई.”

ज्याला उभं राहवत नाही त्याने बसून नमाज पढावी, ही सवलत शरियतने दिलेलीच आहे. त्यामुळे त्या खुर्चीत काही गैर नाही. गैर आहे ते ‘उमर हो गई’ एवढ्यावर चौकशी थांबवणं. जे पाय वर्षापूर्वी वीस रकात उचलत होते, ते आज का उचलत नाहीत? गुडघा दुखतो म्हणून, की मांडीत जोरच उरला नाही म्हणून? या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. हा फरक कळायचा तर आधी स्नायू नावाची वस्तू काय आहे, हे समजून घ्यावं लागतं.

तालमीतला पठ्ठ्या

उर्दूत स्नायूला ‘पट्ठा’ म्हणतात आणि तालमीत तयार होणाऱ्या तरण्या पैलवानालाही पट्ठाच म्हणतात. मराठीत त्याचा ‘पठ्ठ्या’ झाला. कोल्हापूरच्या तांबड्या मातीतला ‘वस्ताद’ हा मुळात उस्ताद आणि ‘तालीम’ म्हणजे अरबीतलं शिक्षण. शब्दांच्या या देवाणघेवाणीत एक गंमत मात्र लक्षात ठेवावी लागते. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू, तर मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. हिंदी पुस्तक वाचून मराठी परीक्षा देणारी मुलं इथे हमखास फसतात.

माणसाच्या शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून जास्त स्नायू असतात. प्रौढ माणसाच्या वजनातला साधारण चाळीस टक्के वाटा त्यांचाच. सर्वांत मोठा स्नायू नितंबात असतो. बसल्या जागेवरून उठताना आणि जिना चढताना तो कामी येतो. सर्वांत लहान स्नायू कानाच्या आत असतो. मोठा आवाज झाला की कानातल्या चिमुकल्या हाडाला आवरून धरणं हे त्याचं काम.

हाडांचे स्नायू आपल्या हुकमतीत असतात, म्हणून त्यांना ऐच्छिक म्हणतात. पण शरीरात आणखी दोन प्रकारचे स्नायू आहेत. आतडी, जठर, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतींत मृदू स्नायू असतात. इफ्तारचा पहिला घोट घशाखाली उतरला की पुढचा प्रवास त्यांच्या हाती असतो, त्यासाठी आपल्याला हुकूम सोडावा लागत नाही. तिसरा हृदयाचा स्नायू. तो दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि त्याला सुट्टी नसते. पुढची चर्चा मुख्यतः पहिल्या प्रकाराची आहे, कारण खुर्चीचा संबंध त्याच्याशी येतो.

हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने ‘अल-कानून’ या आपल्या वैद्यकग्रंथाच्या पहिल्या भागात कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत स्नायूंचं अवयववार वर्णन लिहिलं होतं. कोणता स्नायू कुठे आहे, हे जाणत्यांना तेव्हा बरंचसं ठाऊक होतं. तो आखडतो कसा, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

रापण ओढणारे हात

१७८०च्या दशकात इटलीतल्या बोलोन्या शहरात लुईजी गॅल्वानी यांना मेलेल्या बेडकाची तंगडी विजेच्या स्पर्शाने उडताना दिसली. स्नायूला इशारा विजेच्या भाषेत मिळतो, याचा तो पहिला ठोस पुरावा. पुढे १९५४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आपसात नातं नव्हतं, पण निष्कर्ष एकच निघाला. स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या आतले धागे स्वतः लहान होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात.

कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच उमजेल. दहा-वीस माणसं दोर धरतात, ओढतात, सोडतात, थोडं पुढे पुन्हा धरतात. दोराची लांबी तेवढीच राहते, जाळं मात्र किनाऱ्याकडे येतं. स्नायूच्या तंतूत ‘ॲक्टिन’ हा दोर आहे आणि ‘मायोसिन’ हे ओढणारे हात. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूच्या टोकाशी पोहोचतो, तिथे ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूच्या तंतूवर विजेची लहर धावते, आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडतं आणि त्या हातांना दोर धरायची मोकळीक मिळते. पापणी लवावी इतक्यात हे सगळं आटोपतं.

या ओढाताणीचं इंधन म्हणजे ‘एटीपी’ नावाचा रेणू. त्याची एक बाजू फारशी कुणाला माहीत नसते. एटीपी नुसतं ओढायला लागत नाही, पकड सोडायलाही लागतं. मय्यतीला गुस्ल देणाऱ्या जाणत्या माणसांना याचा परिणाम अनुभवाने ठाऊक असतो. म्हणूनच प्राण गेल्यावर लगोलग जबडा बांधतात, हातपाय सरळ करून ठेवतात. काही तासांनी शरीर ताठरतं, कारण एटीपी बनणं थांबलेलं असतं आणि मायोसिनचे हात ॲक्टिनला धरून राहतात, ते सोडू शकत नाहीत. जिवंतपणी सैल होणं हेसुद्धा कामच आहे आणि त्यालाही इंधन लागतं.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर वाकवतो, मागचा सरळ करतो. नमाजमधली हालचाल बारकाईने पाहिली तर अशा जोड्यांचं काम एकामागून एक दिसतं. रुकूत कंबरेचे आणि मांडीच्या मागचे स्नायू धड तोलून धरतात. सजद्यात जाताना मांडीच्या पुढचा स्नायू हळूहळू लांबत जातो आणि देहाला धपकन पडू देत नाही. उठताना तोच स्नायू नितंबाच्या स्नायूच्या साथीने सगळं वजन उचलतो. दिवसभरात सर्वांत जड काम कोणतं, असं मांडीला विचारलं तर ती हेच सांगेल.

रोजात स्नायू झिजतो का?

दरवर्षी जिममधली पोरं हा प्रश्न विचारतात आणि घरातल्या आयाही. आपल्याकडचा रोजा साधारण तेरा-चौदा तासांचा. या वेळात शरीर इंधन कुठून आणतं?

साखरेचा साठा शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. यकृत आपला साठा रक्तात सोडतं, तो मेंदूला मिळतो. स्नायूंचा साठा मात्र त्यांच्यापुरताच. तो ग्लुकोज म्हणून रक्तात परत सोडण्यासाठी लागणारं विकर स्नायूंकडे नसतं. सहरीनंतर काही तास गेले की इन्सुलिन उतरतं, साठवलेली चरबी मोकळी होते आणि आराम करणारे स्नायू मुख्यतः चरबीवर चालतात. यकृताचा साठा पुरा संपायला बहुतेकांना दिवसभराहून कमी वेळ लागत नाही. तोवर मगरिबची अजान झालेली असते. निरोगी माणसाचे स्नायू तेरा तासांत विरघळून जातील, ही भीती निराधार आहे. प्रथिनांची थोडी मोडतोड सतत चालू असते आणि रात्रीच्या जेवणातून तिची भरपाई होते.

पण ही भरपाई ताटात असावी लागते. खरी गडबड दस्तरखानावर होते. समोसे, भजी, सरबत, पाव, शेवया यांनी पोट भरतं आणि प्रथिनांना जागाच उरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वयस्कांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण म्हातारा स्नायू थोड्या प्रथिनांना दाद देत नाही.

हिशेब अवघड नाही. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, ग्लासभर दूध ६ ते ७, वाटीभर घट्ट डाळ ६ च्या आसपास, शिजलेलं शंभर ग्रॅम चिकन सुमारे २५. इथेच पन्नाशी गाठली जाते. वर चपातीतूनही प्रत्येकी तीनेक ग्रॅम मिळतात. मांस परवडत नसेल तर उकडलेले चणे, मसूर, दही, शेंगदाणे आहेत. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र घोटलेलं हलीम तर दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी उत्तम अन्न आहे, फक्त वरचं तूप आवरावं. प्रथिनं एका वेळी न खाता सहरी आणि रात्रीचं जेवण यांत वाटून घ्यावीत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

मधुमेह्यांच्या बाबतीत स्नायूंचं महत्त्व दुप्पट आहे. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. हलणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत ओढतो. म्हणून जेवल्यावरची चाल आणि तरावीह साखरेला मानवते. पण जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात त्यांची साखर याच कारणाने एकदम खालीही जाऊ शकते. औषधांच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमांचं मत आहे. तपासणी टाळण्याचं कारण म्हणून रोजा पुढे करू नये.

दुसऱ्या दिवशीच्या मांड्या

पहिल्या दोन-तीन तरावीहनंतर तरुणांच्याही मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. जिथे वीस रकात होतात तिथे चाळीस सजदे आणि साधारण वीस वेळा जमिनीवरून उठणं आलं. वर्षभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला हे एका रात्रीत जड जाणारच.

या दुखण्याचा दोष बहुतेक लोक लॅक्टिक ॲसिडला देतात. ते खरं नाही. मेहनतीनंतर ते तासाभरात ओसरतं, तर हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं. त्याचं कारण असं की स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. सजद्यात सावकाश उतरणं हे नेमकं तसंच काम. इजा भरून निघताना सूज येते आणि दुखतं. चार-पाच दिवसांत ते थांबतं आणि तोच स्नायू पुढच्या वेळी तेवढ्या कामाने दुखत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात कुरकुरणारे पाय शेवटच्या आठवड्यात शब-बेदारीला बिनतक्रार उभे राहतात.

रात्री पोटरीत गोळा येणं हा वेगळा प्रकार. त्याचं एकच एक कारण नसतं. थकवा, पाणी कमी पडणं, काही औषधं, गर्भारपण यांचा त्यात हात असू शकतो. गोळा आला की पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढावा, लगेच आराम पडतो. इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी पीत राहावं. सहरीच्या शेवटच्या मिनिटाला तांब्याभर पाणी रिचवण्याचा फारसा उपयोग नाही, त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

वय नेमकं काय नेतं?

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचं वजन दर दहा वर्षांनी काही टक्क्यांनी घटत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर वजनापेक्षाही लवकर उतरते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. नाव मिळाल्यामुळे एक झालं, नुसतं म्हातारपण समजली जाणारी गोष्ट मोजता येऊ लागली.

ही झीज सर्वांत जोरात होते ती अंथरुणात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी उलटलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस गेलं. अवकाश स्थानकावर राहणारे अंतराळवीर याच धास्तीने रोज दोनेक तास व्यायाम करतात. आपल्या घरांत मात्र आजारी बापाला मुलं मोठ्या प्रेमाने म्हणतात, “अब्बा, तुम्ही उठू नका, सगळं जागेवर मिळेल.” महिनाभर सगळं जागेवर मिळालं की अब्बा खरंच उठू शकत नाहीत.

यातली आशेची बाजूही तितकीच पक्की आहे. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त माणसांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचं वय नव्वदीच्या आसपास होतं. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी भरला. नव्वदीतला स्नायूही शिकतो. त्याला काम द्यावं लागतं.

जेव्हा दोष वयाचा नसतो

कमजोरीची अशीही कारणं आहेत ज्यांचा वयाशी संबंध नाही. ती शोधली तर इलाज आहे, न शोधता ‘उमर’ म्हटलं तर नाही.

पहिलं कारण ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव. दिवसभर लूमच्या शेडमध्ये राबणारे, अरुंद गल्लीतल्या घरातून क्वचितच उन्हात येणाऱ्या बायका, घराबाहेर न पडणारे म्हातारे या सगळ्यांना त्याचा धोका. लक्षण ठरलेलं. जमिनीवरून उठताना, जिना चढताना मांड्यांत जोर नसतो, चाल डुलते, हाडं ठणकतात. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं आणि उपचारही स्वस्त आहे. मात्र तपासणीशिवाय इंजेक्शनं घेत राहणं घातक, कारण या जीवनसत्त्वाचा अतिरेकही विषारी ठरतो.

थायरॉइड बिघडलं तरी स्नायू दुबळे पडतात. जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम घसरलं तर पाय लुळे पडल्यासारखे होतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काही थोड्या लोकांच्या मांड्या-दंड दुखतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगावं, गोळी मनाने बंद करू नये, कारण तीच हृदयाला राखत असते. सांधेदुखीवर कुणीतरी आणून दिलेल्या ‘जादूच्या पुडी’चं तर विचारू नये. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. पहिल्या आठवड्यात दुखणं पळतं आणि काही महिन्यांत मांड्यांचं मांस झडू लागतं.

काही आजार स्नायूपर्यंतची तार बिघडवतात. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो, असं असेल तर ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ची शंका घ्यावी लागते. त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती ॲसिटाइलकोलीन झेलणाऱ्या जागांवर हल्ला करते. त्यावर औषधं आहेत. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात ‘गुलेन-बॅरे’ची साथ आली, तेव्हा हे नाव घराघरांत पोहोचलं. पोटाच्या संसर्गानंतर काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि कमजोरी पायांकडून वर चढते. अशी झपाट्याने वाढणारी कमजोरी, किंवा तोंड वाकडं होऊन एका बाजूचा हात-पाय अचानक गळून पडणं, यात इफ्तारपर्यंतसुद्धा थांबू नये, तडक मोठ्या इस्पितळात जावं.

आणि एक खूण लहान मुलांची. चार-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, पोटऱ्या फुगीर दिसतात आणि जमिनीवरून उठताना तो आपल्याच गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात ती दिसते. त्यात स्नायूच्या तंतूला बळकटी देणारं ‘डिस्ट्रॉफिन’ हे प्रथिन बनत नाही. १९८७ साली ते ओळखलं गेलं. हा आजार मुळापासून अजून बरा होत नाही, पण लवकर कळला तर औषधं, फिजिओथेरपी आणि हृदय-फुप्फुसांची देखभाल यांनी मुलाची चांगली वर्षं वाढतात. अशा घरांत ‘नजर लागली’ म्हणत दोन-तीन वर्षं वाया जातात आणि बोल बहुतेकदा आईला लावला जातो. या जनुकातला दोष आईकडून येऊ शकतो, तर अनेक मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. दोन्हींत तिचा गुन्हा काहीच नाही. पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला मात्र घ्यावा.

आरशासमोरची घाई

दुसऱ्या टोकाला ईदच्या कुर्त्यात दंड भरलेले दिसावेत म्हणून रमजानमध्येच जिमला जुंपणारी पोरं आहेत. भर उन्हात, पाणी न पिता केलेल्या अति मेहनतीने स्नायूंचे तंतू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. लघवी चहाच्या रंगाची झाली आणि अंग प्रचंड दुखू लागलं, तर ही तातडीची वेळ समजावी. रोजात व्यायाम करायचाच तर इफ्तारनंतर तासा-दीड तासाने करावा, किंवा इफ्तारच्या अगदी आधी हलका करावा. ‘लवकर साइज येईल’ म्हणून टोचली जाणारी हार्मोनची इंजेक्शनं हृदयाला अपाय करतात आणि शरीराचं स्वतःचं हार्मोन बंद पाडून बाप होण्याची क्षमताही हिरावू शकतात. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला वर्षानुवर्षं जोर-बैठका का मारायला लावतो, याचं उत्तर यात आहे.

घरातली खुर्ची

झीज ओळखायला यंत्र लागत नाही. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. २०१९ साली आशियाई तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषांनुसार हा घेर पुरुषांत ३४ आणि बायकांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सावध व्हावं. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी आहे. याने आजाराचं निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जायचं कारण मिळतं. डॉक्टरांसमोर ‘कमजोरी आहे’ एवढंच म्हणू नये. कधीपासून, कोणत्या हालचालीत, दुखतं की जोर नाही, कोणती औषधं चालू आहेत, हे सांगावं.

दुखणं गुडघ्याचंच निघालं तरी मांडी बळकट करणं हा त्याच्याही इलाजाचा भाग आहे. पडायची भीती असेल तर सुरुवातीला फिजिओथेरपिस्टची मदत घ्यावी.

त्या अब्बांच्या मुलाने या महिन्यात एवढं करावं. एका संध्याकाळी त्यांच्यासोबत टेप घेऊन बसावं. सहरीत त्यांच्या ताटात एक अंडं जास्त वाढावं. रक्ताची तपासणी ईदनंतरवर ढकलू नये. आणि रोज रात्री घरातली एक मजबूत, हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. अब्बांनी तिच्यावर दहा वेळा बसावं, दहा वेळा उठावं, आधी हातांचा आधार घेऊन, मग हळूहळू न घेता. मुलाने शेजारी उभं राहून मोजावं. पुढच्या रमजानमध्ये ते पहिल्या रांगेत परततील की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. पण न्हाणीघरातून आपले आपण उठून येणं, जिना उतरून मशिदीपर्यंत चालत जाणं, नातवाला उचलून घेणं ही कामंही त्याच मांडीची आहेत.